तेमावा आत्याची सात फडकी

तेमावा आत्याची सात फडकी माझ्या कपाटात घडी घालून ठेवलेली आहेत, आणि आत्या समुद्रावर आहे. दुपारपासून डोक्यात हेच फिरतंय. दुसरं काही सुचत नाही.

बोट मायाना बेटाहून आज सकाळी दहाला निघाली. तिथल्या पाद्रींच्या बायकोने स्वतः किनाऱ्यावर उभं राहून हात हलवला, असं तिने मला फोनवर सांगितलं. इंजिन नीट चाललं तर दुपारी एकपर्यंत इथे तारावाला, बेतिओच्या धक्क्याला लागायला हवी होती. आता रात्रीचे साडेदहा वाजून गेलेत. बोटीत तिघं आहेत. माझा दीर कौतू, बोट त्याचीच. चौसष्ट वर्षांची माझी तेमावा आत्या. आणि माझी मुलगी तिनाई, सोळा वर्षांची. तिचा फोन लागत नाही. वारा पूर्वेचा आहे, म्हणजे इंजिन बंद पडलं तर बोट पश्चिमेला जाणार. पश्चिमेला काही नाही. नकाशावर बोट ठेवायलाही काही नाही.

दोन वर्षांपूर्वी मी असाच पोलिसांना फोन केला होता, तेव्हा पलीकडच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला होता, "बाई, बोटीत काय काय सामान आहे?" मला सांगता आलं नव्हतं. म्हणून आज कागद घेऊन बसले. पाणी: वीस लिटरचा एक कॅन, भरलेला की अर्धा, माहीत नाही. डिझेल की पेट्रोल, तेही मला नेमकं सांगता येईना. मग आत्याच्या पिशवीपाशी आले आणि यादी तिथेच अडली.

ती पिशवी आधी सांगायला हवी.

केवड्याच्या पातीची, दोन ओंजळींएवढी. आत्याने स्वतः विणलेली, आणि तळ फाटला की पुन्हा पुन्हा विणलेली. ती जिथे जाईल तिथे ही काखेत. शेजारच्या बेटावर लग्नाला असो नाहीतर दवाखान्यात रांगेला. पिशवीत लाकडी फणी, एका कडेला तडा गेलेला वाटोळा आरसा, एकात एक अडकवलेल्या दोन सेफ्टी पिना, फ्लॅनेलच्या तुकड्यात खोचलेली सुई आणि तिच्याभोवती गुंडाळलेला काळा दोरा. खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत खोबरेल तेल. केवड्याच्या फळाची वाळवलेली पोळी, फणसपोळीसारखी, गुंडाळी करून. तंबाखूची एक कांडी, कारण नव्या बेटावर पाय ठेवला की तिथल्या पूर्वजांच्या जुन्या जागेला ती वाहायची आणि तिथली वाळू गालाला लावायची. त्याशिवाय आत्या त्या बेटावर पाणीही पीत नाही. आणि सगळ्यात तळाशी, जुन्या सुती लुंगीचे फाडून, कडा दुमडून शिवलेले सात तुकडे. धुऊन धुऊन मऊ पडलेले. बायकांना महिन्याला लागतात ते.

मी परदेशी, सुव्याला विद्यापीठात शिकायला निघाले तेव्हा आत्याने मलाही अशीच एक पिशवी भरून दिली होती. वसतिगृहात माझ्या खोलीतल्या मुलीने ती उघडून पाहिली आणि म्हणाली, "तंबाखू? तू ओढतेस?" मी लाजेने लाल झाले. रात्री ती कांडी बाहेरच्या वडाच्या मुळाशी ठेवून आले आणि कोणी पाहत नाही ना म्हणून दोनदा मागे वळून पाहिलं. वाळू नव्हती, मग मातीच गालाला लावली. बाकीची पिशवी पेटीच्या तळाशी गेली ती चार वर्षं तिथेच राहिली.

आत्याला मूल नाही. मी तीन वर्षांची असताना तिने मला मागून घेतलं आणि वडिलांनी दिलं. आमच्याकडे तसं देतात. ती शिवणकाम करायची. बायकांचे चुण्यांचे झगे-पोलकी हाताच्या मशीनवर शिवायची, आणि माप कधी टेपने घ्यायची नाही. बाई दारातून आत येईपर्यंत तिने माप घेतलेलं असायचं. "तुझं वाढलंय बरं का," हे वाक्य ती इतक्या मायेने बोलायची की बाई हसत हसत जास्तीचं कापड आणायला जायची.

मी नऊ वर्षांची असताना ती हरवली.

त्या वेळी आम्ही मायानालाच राहायचो. आत्या आणि आतोबा तारावाहून परत येत होते. बोट आतोबांच्या चुलत भावाची, तेबाऊची. संध्याकाळी यायला हवे होते, आले नाहीत. आम्ही सगळे किनाऱ्यावर. काळोख पडल्यावर तेबाऊचे वडील आमच्या घरी आले, चटईवर बसले, नीरेचा पाक घातलेलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "मासे लागले असतील." आजोबा म्हणाले, "हो, या दिवसांत लागतात." दोघे मध्यरात्रीपर्यंत माशांबद्दल बोलले. दुसरा दिवसही तसाच. आजोबांनी आधी तोंड उघडलं असतं तर तो तेबाऊचा अपमान झाला असता; बोट नीट हाकता येत नाही असं त्याच्या बापाच्या तोंडावर म्हटल्यासारखं. तेबाऊच्या वडिलांनी आधी उघडलं असतं तर स्वतःच्या मुलाला नावाडी म्हणून नालायक ठरवल्यासारखं. म्हणून दोघांनीही उघडलं नाही. मी दाराशी बसून दोघांची तोंडं बघत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी माझी आजी उठली, दोघांकडे न बघता पोलिसांच्या रेडिओपाशी चालत गेली आणि सांगून आली.

बोट बाराव्या दिवशी एका मासेमारी जहाजाला सापडली.

आत्या ती गोष्ट सांगते ती फक्त बायकांत. मनेआबात, म्हणजे आमच्या गावाच्या सभेच्या मोठ्या छपरात, बायका चटया विणायला बसल्या की कोणीतरी तिला डिवचते, "तेमावा, सांग की पिनेचा गळ केलास ते."

"केला ना. पीन वाकवली, दोरा बांधला, सोडला. एक मासा लागेल तर शपथ! गोष्टीत लागतात गं मासे. खऱ्याला पीन गंजते नि बोट फाटतं."

"आणि आरसा?"

"पाचव्या दिवशी विमान आलं. मी आरसा धरला, उन्हाचा कवडसा पाडला, नवरा नाचला, तेबाऊ नाचला. विमान आपलं गेलं सरळ. तेव्हापासून आरसा फक्त दात बघायला."

मग बायका हसतात आणि थांबतात, कारण पुढचं त्यांना माहीत असतं. पाणी चौथ्या दिवशी संपलं होतं. सहाव्या रात्री पाऊस आला, बारीक, वाऱ्याबरोबर आडवा. भांड्यात एवढासाही साठेना. आत्याने पिशवीच्या तळातली ती सात फडकी काढली, बोटीच्या कडेला पसरून धरली, भिजली की डब्यात पिळली, पुन्हा पसरली. अंधारच होता, पुरुषांना कसली फडकी आहेत ते दिसलं नाही.

"नवऱ्याने विचारलं, इतकी फडकी कुठून आणलीस गं? म्हटलं, भांडी पुसायची. तर म्हणतो कसा, बोटीवर भांडी कुठली? म्हटलं, गप पी." इथे आत्या नेहमी डोळे पुसते, हसून की कशाने ते कधी कळत नाही. "मरेपर्यंत सांगितलं नाही त्याला. सांगितलं असतं तर लाजेनेच गेला असता. समुद्राने सोडला होता, उगाच लाजेने कशाला मारा."

तेबाऊने मधल्या दिवसांत लपून समुद्राचं पाणी प्यायलं होतं. तो नवव्या दिवशी गेला. आत्याने त्याचे केस खोबरेल लावून फणीने विंचरले, अंगावरच्या स्वतःच्या लुंगीत त्याला गुंडाळला आणि सुई-दोऱ्याने डोक्यापासून पायापर्यंत शिवला. शिवणकाम करणारी बाई होती, टाके बारीक घातले. "घाई नव्हती," एवढंच ती म्हणते. हा भाग ती मनेआबात सांगत नाही. मला एकदाच सांगितला, माझं लग्न ठरलं तेव्हा.

परत आल्यावर तिने आजोबांना एकच प्रश्न विचारला. "कधी कळवलंत?"

आजोबा म्हणाले, "तिसऱ्या दिवशी."

"बरं," आत्या म्हणाली. त्यानंतर वर्षभर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

आता मी काय केलं ते लिहिते.

मायानाला चर्चच्या बायकांचा मेळावा होता. आत्या तिनाईला घेऊन जाणार होती. निघायच्या तीन दिवस आधी मी आत्याची पिशवी पाहिली. ती फडकी पिवळी पडलेली, एक-दोनांवर जुने डाग, धुऊनही न गेलेले. मेळाव्यात पन्नास बायका एका छपराखाली झोपणार, कोणाच्याही हाताला पिशवी लागणार. मला वाटलं, लोक काय म्हणतील. मी शाळेत शिकवते, माझ्या घरची म्हातारी असली फडकी घेऊन हिंडते. मी सातही काढली, साबणाच्या पाण्यात भिजत घातली. त्याऐवजी तिनाईला दुकानातल्या पॅडची दोन पाकिटं दिली. तिनाईच्या स्वतःच्या पाकिटात चार्जर, ओठांना लावायचं मलम, कानात घालायच्या वायरी आणि नखांचा निळा रंग होता. मी म्हटलं, "अगं, सुई-दोरा तरी घे." ती म्हणाली, "आई, फाटलं तर आत्याआजीचं आहे ना."

फडकी वाळवून मी परत पिशवीत घालणार होते. दोन दिवस पाऊस-ऊन, पाऊस-ऊन. ती दोरीवरच राहिली. पहाटे आत्या निघाली तेव्हा मी तिनाईची टोपी शोधण्यात गुंतले होते.

शनिवारी मायानाहून आत्याचा फोन आला. मागे बायकांची गाणी चालली होती.

"पोरी, माझी फडकी कुठेत?"

"धुवायला काढली होती आत्या. राहिली. तिनाईकडे नवे पॅड आहेत, लागले तर."

"मला काय लागणार आता या वयात?"

"तेच म्हणते ना मी. मग कशाला हवीत?"

ती म्हणाली, "पॅड पाणी पितो गं. परत देत नाही." आणि हसली. मीही हसले. फोन ठेवला. तेव्हा मला भीती वाटली नाही. ती भीती आज दुपारी अडीच वाजता, शाळेत मुलांना भागाकार शिकवताना आली, आणि हातातला खडू मोडला.

घरी येऊन मी तिनाईच्या पॅडचं एक उरलेलं पाकीट फोडलं. एकावर पेलाभर पाणी ओतलं. पाहता पाहता पिऊन टाकलं. मग दोन्ही हातांनी पिळलं, जीव खाऊन पिळलं. थेंब नाही. आतून काचेच्या मण्यांसारखं काहीतरी फुगून बाहेर आलं. ते मी हातात धरून मोरीत उभी राहिले.

संध्याकाळी पाचला माझी जाऊ रुता आली. कौतूची बायको. आमची घरं एकाच अंगणात आहेत. हातात नारळाच्या दुधातला भात होता.

"ताई, जेवून घ्या."

"रुता, चार तास झाले उशीर होऊन."

"मासे लागले असतील."

तेच वाक्य. तेहतीस वर्षांनी, शब्द न शब्द तेच.

"मी फोन करू का पोलिसांना?"

रुताने भाताचं भांडं खाली ठेवलं. "ताई, गेल्या वेळचं आठवतंय ना?"

कसं नाही आठवणार. गेल्या वेळी मी संध्याकाळी सातला फोन केला, पोलिसांची बोट निघाली, आणि कौतू ओहोटीत वाळूवर बोट अडकवून, शेकोटी पेटवून, मासे भाजत बसलेला सापडला. भरतीची वाट बघत. चांगला तासाभरात घरी आला असता. दुसऱ्या दिवशी मनेआबात सगळ्यांनी त्याची उडवली. कोणी त्याला शिट्टी दिली, कोणी विचारलं, "कौतू, वहिनीला विचारून लघवीला जातोस का रे?" तेव्हापासून मी 'भोंगा वहिनी'. लहान मुलंसुद्धा मला बघून भोंग्याचा आवाज काढतात. कौतू तीन महिने माझ्याशी बोलला नाही. मग आत्यानेच समेट केला, पण कौतूने सगळ्यांसमोर माझ्याकडून कबूल करून घेतलं: दुसरी सकाळ उजाडेपर्यंत फोन नाही. मी म्हटलं, "कबूल." मनेआबात दिलेला शब्द आहे. मोडला तर तो एकट्या माझा मोडत नाही. माझा नवरा आत्ता परदेशी मालवाहू जहाजावर कुठेतरी आहे; तो घरी येईल तेव्हा त्यालाही मान खाली घालावी लागेल.

"या वेळीही तसंच असेल," रुता म्हणाली. "ओहोटी असेल. तुम्ही ना, शिकलेल्या माणसांना फार दिसतं."

"बोटीत माझी पोर आहे."

"माझा नवरा आहे," ती म्हणाली. मग तिने भांडं उचललं, "गरम करून आणते" म्हणून गेली. तो भात गरम होताच.

त्यानंतर तिने तो तीनदा गरम केला. मला इथून तिची चूल दिसते. विझते, पेटते. झोपली नाही ती.

ओहोटीचं मी पाहिलंय. भरती-ओहोटीचं कॅलेंडर आमच्या शाळेत मिळतं, भिंतीवर लावलंय. आज दुपारी एकला भरती होती. धक्क्यापर्यंत पाणीच पाणी. वाळूवर अडकायला वाळूच नव्हती. आणि संध्याकाळच्या ओहोटीत अडकले म्हणावं, तर दहाला निघालेली बोट संध्याकाळपर्यंत होती कुठे? मी हे सहा वेळा ताडून पाहिलं. दर वेळी वाटतं की माझंच चुकलं असेल, मी भित्री आहे म्हणून मला असं दिसतंय. खरंच मी भित्री आहे. तिनाई लहान असताना तिचा श्वास चालू आहे का ते बघायला मी रात्रीतून चारदा उठायचे. तिला ताप आला की मला मरण दिसायचं. माझ्या भीतीवर कोणी विश्वास का ठेवावा? मीच ठेवत नाही.

पण ती फडकी कपाटात आहेत. ती मी बघू शकते.

मघाशी मी ती काढली. सातही. अंगणातून रुताच्या चुलीपाशी गेले आणि तिच्या मांडीवर ठेवली.

"हे काय?"

"आत्याची फडकी. ज्यांनी पाणी दिलं होतं, ती. मी काढून घेतली होती पिशवीतून."

रुताला ती गोष्ट माहीत आहे. चटया विणताना तीच आत्याला डिवचते. तिने एक फडकं उचललं, नाकाला लावलं. साबणाचा वास येतोय त्याला. मग विचारलं, "आत्याला शोधायला कधी गेले होते?"

"तिसऱ्या दिवशी."

"विमान?"

"पाचव्या."

"आणि तेबाऊ?"

"नवव्या."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग फडकी नीट घडी घालून परत माझ्या हातात दिली, चुलीतली लाकडं ओढून विझवली आणि चटईवर भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

"रुता?"

"मी झोपलेय, ताई." भिंतीकडूनच म्हणाली. "झोपलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही. उद्या कोणी विचारलं तर मला काही माहीत नाही."

"कौतू रागावेल."

"रागवायला आला तर मी त्याचे पाय धुवीन." मग म्हणाली, "ताई, त्यांना सांगा, इंजिनाला नवं फिल्टर बसवलं नव्हतं. मी म्हटलं होतं बसव. म्हणाला, मायानाहून आल्यावर बसवतो."

मी घरात आले. यादीत लिहिलं: फिल्टर जुनं. त्याखाली आत्याच्या पिशवीतलं उरलेलं सामान लिहिलं. फणी, आरसा, पिना, सुई, दोरा, तेल, अर्धी पोळी. तंबाखूची कांडी मायानाला वाहिली असणार. मग तिनाईचं. चार्जर, मलम, वायरी, निळा रंग, पॅडचं दीड पाकीट. सुई-दोरा आत्याकडे आहे, हे लिहिताना हात थांबला. तेबाऊ डोळ्यांसमोर आला. ते पुढे मनात आणणार नाही.

आत्या परत आली आणि तिने विचारलं, कधी कळवलंस, तर मला काय उत्तर द्यायचंय ते ठरलंय. आणि ते सगळे वाळूवर मासे भाजत बसलेले सापडले, तर गावाने माझ्या दारात येऊन खुशाल भोंगा वाजवावा. मी बाहेर येऊन ऐकेन. तिनाईलाही वाजवू दे.

पोलिसांचा नंबर भरती-ओहोटीच्या कॅलेंडरच्या मागे लिहिलेला आहे. मी ते भिंतीवरून काढलंय. अकराला पाच कमी. फोन लावते.